कपडे धुण्याच्या जागेतली मांडणी : वाचकांचे प्रश्न

वॉशिंग मशीन आता बहुतेक शहरी घरांत पोचले आहे; मशीनसाठी स्वतंत्र खोली मात्र फार थोड्या घरांत असते. फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी, कोकणातल्या घराची मागची पडवी, जुन्या घरातला मोरीशेजारचा कोपरा अशा ठिकाणी मशीन बसते आणि मग साबण, नीळ, चिमट्यांची टोपली, बादल्या, फिनेल आणि धुवायचे कपडे यांना जागा शोधावी लागते. या जागेतल्या फळ्या आणि मांडण्या कशाच्या असाव्यात आणि त्या पुसायला सोप्या कशा राहतील, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी साधारण चार फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. एका टोकाला भांडी घासायचे सिंक आणि दुसऱ्या टोकाला वरून कपडे टाकायचे मशीन आहे. आधीच्या मालकांनी बसवलेले पार्टिकल बोर्डचे कपाट खालून फुगले असून त्याची दारे लागत नाहीत. सुतार वॉटरप्रूफ प्लायचे कपाट करून देतो म्हणतो, शेजारच्यांनी पीव्हीसीचे करून घेतले आहे आणि मुलीच्या मते स्टीलची उघडी मांडणी बरी. यांपैकी स्वच्छ ठेवायला सर्वांत सोपे काय, हे आपण सांगावे. — एक वाचिका, पुणे

उत्तर : हे तिन्ही पर्याय पहिल्या वर्षी सारखेच स्वच्छ दिसतात. फरक कळतो तो दुसऱ्या पावसाळ्यानंतर, आणि तोही फळीच्या कापलेल्या कडा, स्क्रूची भोके, दोन तुकड्यांमधले सांधे आणि जमिनीला टेकलेले पाय या चार जागी. वरचा गुळगुळीत भाग कोणत्याही फळीचा पुसला जातो. मळ साचतो, ओल मुरते आणि झुरळे राहतात ती या चार जागांमध्ये. म्हणून दुकानात गेल्यावर फळीवरून हात फिरवण्याऐवजी ती उलटी करून पाहावी, कड तपासावी आणि पायांच्या टोकांना काय लावले आहे ते बघावे.

तुमच्या जुन्या कपाटाचे जे झाले ते अगदी अपेक्षित होते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे गोंदाने दाबून केलेला तक्ता. वरचे लॅमिनेट पाणी अडवते, परंतु तळाच्या कडेला बहुतेक वेळा पट्टी लावलेलीच नसते, कारण ती कोणाला दिसत नाही. फरशी धुताना पाणी नेमके तेथून शिरते, आतला भुसा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्याची, गत याहून फारशी वेगळी नाही. ओल्या जागेत हे दोन्ही तक्ते, त्यांचा रंग कितीही देखणा असला तरी, घेऊ नयेत.

प्लायच्या बाबतीत सुताराला तक्त्यावरचा आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, क्रमांक दाखवायला सांगा. आयएस ३०३ या मानकात एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) असे दोन दर्जे येतात. त्यांपैकी एमआर हा कोरड्या खोलीतल्या कपाटासाठीच ठीक आहे. आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक असून तिचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का, हे तपासले जाते. परंतु ही चाचणी मुख्यतः गोंदाची आहे. थर सुटले नाहीत तरी आतले लाकूड ओल धरू शकते आणि उघड्या कडेवर बुरशी येऊ शकते. त्यामुळे मरीन प्लाय घेऊनही मागची बाजू, तळ आणि पाइपसाठी कापलेली भोके कोरी ठेवली, तर जास्तीचे पैसे वाया गेले असे समजावे. सहाही बाजू लॅमिनेटने किंवा निदान पॉलियुरेथेनच्या लेपाने बंद करून घेण्याची अट आधीच घाला. कपाट भिंतीला लागल्यावर ती अट पाळली की नाही, हे पाहता येत नाही.

पीव्हीसी फोम बोर्ड पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि तो ओल्या फडक्याने सहज पुसला जातो. त्याचा कमकुवतपणा वजनाच्या बाबतीत आहे. स्क्रूची पकड प्लायइतकी घट्ट नसते, त्यामुळे सतत उघडझाप होणाऱ्या दारांच्या बिजागऱ्या काही काळाने ढिल्या पडतात आणि लांब फळी मध्ये वाकते. येथे एक हिशेब उपयोगी पडतो : फळीवरचे एकूण वजन आणि तिची जाडी तीच ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर फळी आठपट वाकते. पाच लिटरचा लिक्विड डिटर्जंटचा कॅन सुमारे पाच किलोचा असतो. त्याच्या शेजारी पावडरची मोठी पिशवी आणि फिनेलचा कॅन ठेवला की एका फळीवर सहज पंधरा किलो होतात. म्हणून पीव्हीसीची फळी दोन फुटांहून लांब असेल, तर मध्ये उभा आधार घ्यावा. गिझरच्या अगदी लगत किंवा गरम इस्त्री ठेवण्यासाठी हे साहित्य मुळीच वापरू नये.

आता स्टील. बाजारात ३०४ आणि २०२ या दोन प्रकारच्या मांडण्या शेजारी शेजारी असतात आणि नव्या असताना डोळ्यांना सारख्याच दिसतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते आणि ओल्या जागेत त्यावर डाग लवकर पडतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, असे सांगतो. पण चुंबक या दोन्हींना जवळपास चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेतून दोहोंमधला फरक कळत नाही. बिलावर दर्जा लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. पत्र्याची जाडीही विचारावी. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे विसरू नये; १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि २२ गेजचा पत्रा हाताने दाबला तरी लचकतो.

तारांच्या जाळीची मांडणी आणि सपाट पत्र्याची मांडणी यांत पुष्कळ जण जाळीकडे वळतात, कारण तिच्यावर धूळ बसत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात कपड्यांचे बारीक तंतू आणि उडालेली साबणाची पावडर मिळून प्रत्येक तारेवर चिकट थर बसतो आणि तो काढायला एकेक तार पुसावी लागते. शिवाय वरच्या कप्प्यात सांडलेले लिक्विड खालच्या घडी केलेल्या कपड्यांवर ठिबकते. गंजही तारा जोडलेल्या ठिकाणी आधी धरतो. ओल्या बादल्या आणि पाण्याचे मग निथळत ठेवण्यासाठी जाळी योग्य. साबण आणि बाटल्यांसाठी सपाट फळीच हवी.

तुमच्या जागेसाठी मी कपाट अजिबात करणार नाही. मशीन आणि सिंक यांच्यामधल्या भिंतीवर सपाट पत्र्याच्या, कडा खाली दुमडलेल्या, दहा ते बारा इंच खोलीच्या दोन किंवा तीन सुट्या फळ्या ब्रॅकेटवर बसवाव्यात आणि जमीन पूर्ण मोकळी ठेवावी, म्हणजे वायपर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनाअडथळा फिरेल. दाराआड सामान झाकले जाते हे खरे, पण सिंकचे शिंतोडे, मशीनची वाफ आणि पावसाळी हवा असलेल्या जागेत दारामागे ओल कोंडते आणि मळ दिसत नाही म्हणून तो पुसलाही जात नाही. उघड्या फळीवर धूळ जास्त बसेल. ती पुसणे बुरशी काढण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. खर्चाच्या दृष्टीने स्टील जड वाटत असेल, तर चांगल्या पावडर कोटिंगच्या लोखंडी फळ्याही चालतील, मात्र कोटिंगवर ओरखडा गेला की तेथून गंज सुरू होतो, हे मान्य करूनच त्या घ्याव्यात.

फळी आणि भिंत यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण त्या फटीत चिमटा पडतो आणि बोट जात नाही. एकतर फळी भिंतीला चिकटवून सांधा सिलिकॉनने बंद करावा किंवा फडके धरलेला हात जाईल इतके, म्हणजे दोन इंचांहून थोडे जास्त अंतर ठेवावे.

फळ्यांची उंची ठरवण्यापूर्वी मशीनचे झाकण पूर्ण उघडून मगच टेप लावा. वरून कपडे टाकायच्या मशीनचे झाकण उघडल्यावर बरेच वर जाते आणि घाईने बसवलेली फळी त्याला आडवी येते, असे अनेक घरांत पाहायला मिळते. पाण्याचा नळ बंद करायला हात पोचला पाहिजे. विजेच्या पॉइंटच्या थेट वर द्रव पदार्थांची फळी कधीही नको. भिंत कशाची आहे, हेही बिल्डरच्या कागदपत्रांत पाहावे किंवा जुन्या भोकातून निघालेली भुकटी पाहून ओळखावे. भुकटी लाल निघाली तर विटा आहेत. पांढरट राखाडी आणि अगदी हलकी निघाली तर सिपोरेक्ससारखे सच्छिद्र ब्लॉक आहेत. त्यांत साधे प्लास्टिकचे प्लग वजन धरत नाहीत आणि अशा ब्लॉकसाठीचे खास अँकर घ्यावे लागतात. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हातोडीचा झटका बंद ठेवायला सांगावे, नाहीतर टाइल तडकते आणि त्या तडीत पुढची सगळी वर्षे मळ भरत राहतो.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून फार लांब नाही. मागच्या पडवीत मशीन आहे आणि भिंती चिऱ्याच्या आहेत. दोन लोखंडी रॅक गंजून फेकून दिले. आता ३०४ स्टीलची मांडणी घेतली, तर तिच्यावरही तांबूस डाग येऊ लागले आहेत. फसवणूक झाली असे समजावे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसे लगेच समजू नका. खाऱ्या हवेतले क्लोराइड ३०४ वरही चहाच्या डागासारखी तांबूस झाक आणतात आणि समुद्रापासून काही किलोमीटरपर्यंत हे सर्रास दिसते. डाग बहुधा वरवरचे असतात. पत्रा पोखरला जात नाही, पण तसेच राहू दिले तर कालांतराने बारीक खड्डे पडू शकतात. यात एक गोष्ट मनाला पटायला थोडी जड जाते : पावसात उघड्यावर असलेले स्टील पडवीच्या छपराखालच्या स्टीलपेक्षा पुष्कळदा जास्त चकचकीत राहते, कारण पावसाने मीठ धुऊन जाते आणि छपराखाली ते साचत जाते. म्हणून तुमच्या मांडणीला पॉलिशपेक्षा गोड्या पाण्याची अधिक गरज आहे. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने पुसून, पुन्हा साध्या पाण्याचा हात फिरवून कोरड्या फडक्याने टिपून घ्या. पत्र्यावर बारीक रेषांची घडण असेल, तर फडके त्या रेषांच्या दिशेनेच फिरवावे.

लोखंडी तारेच्या घासणीला मात्र या मांडणीजवळ फिरकू देऊ नका. तिचे सूक्ष्म कण पत्र्यावर अडकतात, ते गंजतात आणि स्टीलच गंजले असे वाटते. तुम्ही सध्या डाग काढायला तीच वापरत असाल, तर डाग वाढण्याचे कारण कदाचित तेच असेल. पुन्हा खरेदी करायची वेळ आली तर ३१६ हा दर्जा विचारावा. त्यात सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडला तो अधिक तोंड देतो. किंमतही अर्थात बरीच अधिक असते आणि तयार मांडण्यांमध्ये तो सहसा मिळत नाही, करवून घ्यावा लागतो.

एवढा खर्च करण्यापूर्वी दगडाचा विचार करावा, असे मी सुचवेन. चिऱ्याच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकणे तसेही अवघड असते, कारण चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, सच्छिद्र असतो आणि अँकर पकड धरत नाही. त्याऐवजी पडवीच्या कोपऱ्यात दोन बाजूंना भिंतीत खोबणी करून ग्रॅनाइटची अखंड फळी आत घालता येते, किंवा विटांचे छोटे खांब करून त्यावर ती ठेवता येते. खारी हवा ग्रॅनाइटचे काही बिघडवत नाही, वाळवी त्याच्याजवळ जात नाही आणि बादलीभर पाणी ओतून ते धुता येते. फळीची पुढची कड गोल घासून घ्यावी, आणि बसवताना तिला पुढच्या बाजूला अगदी किंचित उतार द्यावा, म्हणजे पाणी भिंतीकडे न जाता पुढे निथळेल. खालच्या खांबांना टाइल लावणार असाल, तर सांध्यांत साधा सिमेंटचा ग्राउट न भरता इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. साधा ग्राउट ओल शोषतो आणि काळा पडतो. मग गुळगुळीत टाइल घेऊनही हातात ब्रश येतोच.

तुमच्याकडच्या जुन्या घरांत भिंतीतच कोनाडे असत आणि ते साबण, तेल ठेवायला सोयीचेही होते. तसा कोनाडा असेल, तर तो आतून टाइल किंवा दगडाने मढवून, तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन अवश्य वापरावा. नुसता चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा ठेवल्यास साबणाचे पाणी त्यात मुरते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात.

प्रश्न : आमच्या मोरीत आणि मशीनजवळ कडाप्पाच्या फळ्या आहेत. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जात नव्हते, म्हणून व्हिनेगर लावले, एकदा लिंबूही चोळले. डाग गेले, पण फळ्या पांढुरक्या आणि खरखरीत झाल्या. तेल लावून काळ्या दिसतात, परंतु दोन दिवसांत धूळ चिकटते. काय करावे? — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड चुनखडीचा आहे आणि चुनखडी आम्लात विरघळते. व्हिनेगरने डागाबरोबर दगडाचा चकाकता थरही गेला. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर आणि अ‍ॅसिड यांपैकी काहीही कडाप्पा, शहाबादी फरशी, कोटा किंवा संगमरवर यांवर चालत नाही. घरातला दगड कोणता, याची शंका असल्यास मागच्या न दिसणाऱ्या कडेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून पाहावे. बारीक बुडबुडे आले किंवा तेथे फिकट डाग पडला, तर दगड चुनखडीचा. ग्रॅनाइटवर असे काही होत नाही.

तेल लावणे थांबवा. तेलाने दगड काळा दिसतो, पण त्याच तेलात कपड्यांचे तंतू आणि साबणाची पावडर बसून चिकट थर तयार होतो. दगडाला पॉलिश करणारे कारागीर फळ्या जागेवरच घासून पूर्वीची चकाकी बरीचशी परत आणू शकतात. त्यानंतर दगडासाठीचा सीलर लावून घेतला तर पाणी मुरण्याचे प्रमाण कमी होते, मात्र आम्लापासून तोही वाचवत नाही. यापुढे क्षारांचे डाग काढण्यापेक्षा ते पडू न देणे हेच हाती आहे : काम झाल्यावर फळीवर पाणी वाळू न देता रबराच्या छोट्या वायपरने ओढून टाकावे. बोअरचे पाणी फळीवर वाळले की त्यातले क्षार मागे राहतात; ओढून टाकले की तेही पाण्याबरोबर निघून जातात.

प्रश्न : घरात तीन वर्षांचा नातू आहे. मशीनशेजारच्या रॅकवर डिटर्जंट, ब्लीच, फिनेल, टॉयलेट क्लीनर आणि खाली टोपलीत कांदे-बटाटे असतात. जागा दुसरीकडे नाही. हे सर्व नीट कसे लावावे? शिवाय बाटल्यांखालची फळी सतत चिकट होते. — एक आजी, ठाणे

उत्तर : आधी टॉयलेट क्लीनर तेथून हलवा. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. या दोघांचा संयोग झाला की क्लोरीन वायू निघतो आणि तो श्वासाला घातक असतो. गळकी बाटली, सांडलेले पुसायला वापरलेले एकच फडके एवढे निमित्त त्याला पुरते. दोन्ही एका फळीवर किंवा वरखाली असूच नयेत. आम्लाच्या बाटलीतून निघणाऱ्या वाफा जवळच्या लोखंडाला आणि स्टीललाही गंज आणतात, त्यामुळे मांडणीच्या दृष्टीनेही ती बाटली दूर असलेली बरी. संडासाजवळच्या वेगळ्या, मुलाचा हात न पोचणाऱ्या आणि बंद होणाऱ्या कपाटात ती ठेवा. फिनेल किंवा अ‍ॅसिड सुटे आणून सरबताच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरात कोणाला असेल, तर ती आजच बंद करायला सांगा.

उरलेल्या वस्तूंपैकी ब्लीच आणि फिनेल फार उंचावरही ठेवू नयेत. उंचावरची जड बाटली काढताना ती आपल्याच चेहऱ्यावर सांडू शकते. तुमच्या खांद्याच्या जरा खाली, पण नातवाला स्टूल घेऊनही गाठता येणार नाही अशा उंचीवर, कडी-कुलूप असलेला एक छोटा कप्पा असावा. ऊन येणारी बाजू टाळा, कारण उष्णतेने आणि प्रकाशाने ब्लीचचा कस उतरतो. रोज लागणारी पावडर झाकणाच्या डब्यात, याच्या वरच्या फळीवर ठेवता येईल. पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या पावडरीचे खडे होतात आणि तिचे कण सगळ्या रॅकवर पसरतात.

कांदे-बटाटे मात्र या रॅकवर कोणत्याही कप्प्यात नकोत. वरून काही ठिबकले तर ते खाण्याच्या वस्तूवर पडणार. स्वयंपाकघरात ओट्याखाली हवा खेळणारी टोपली ठेवता येते का, ते पाहा. जागेची अडचण असली तरी ही तडजोड करू नये, असे मला वाटते.

चिकट फळीवर उपाय स्वस्त आहे. बाटल्या थेट फळीवर न ठेवता बोटभर उंच काठाच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. बाटलीच्या तोंडाशी ओघळणारे लिक्विड ट्रेमध्येच राहते, आणि फळी पुसण्याऐवजी ट्रे उचलून नळाखाली धुता येतो. पॉलिप्रॉपिलीनचे ट्रे घ्यावेत; साबणाने किंवा ब्लीचने त्यांचे काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या पट्ट्या येथे नकोत, कारण धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारीय पदार्थांनी अ‍ॅल्युमिनियम काळवंडते. ट्रेचा तळ सपाट असावा. नक्षीचा, खाचाखाचांचा तळ दिसायला छान असतो, पण त्यातला साबण काढायला दातांचा जुना ब्रश घेऊन बसावे लागते.

प्रश्न : मी भाड्याच्या घरात राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. मशीन समोरून उघडणारे आहे. मशीनच्या वर उभा राहणारा चार पायांचा रॅक घ्यावा का? मशीन फिरताना तो हलणार नाही ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : घ्यावा, पण त्याचा एकही पाय मशीनला टेकता कामा नये. समोरून उघडणारी मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतात. रॅकच्या आतली मोकळी रुंदी त्याहून निदान दहा सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे मशीन बाहेर ओढताही येते. असे रॅक उंच आणि अरुंद असल्याने पुढे कलंडू शकतात, म्हणून जड वस्तू मशीनच्या लगतच्या कप्प्यात आणि हलक्या वस्तू वर, हा क्रम मोडू नका. भोक न पाडता रॅक स्थिर करायचा असेल, तर छत आणि रॅक यांच्यामध्ये स्क्रूने ताणून बसणारे आधार मिळतात. मात्र छत भक्कम असावे, जिप्समचे खोटे छत असेल तर ते वापरू नयेत. घरात लहान मूल असेल, तर घरमालकांना दोन भोकांसाठी पुन्हा विनंती करावी, हे बरे.

मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक छोटे झाकण असते. त्यामागे पाणी उपसणाऱ्या पंपाची जाळी असते आणि ती अधूनमधून काढून साफ करावी लागते. काढताना थोडे पाणी जमिनीवर येते. या झाकणासमोर टोपल्या किंवा चाकांची ट्रॉली कायमची लावून टाकू नका. ट्रॉली मशीनच्या बाजूच्या फटीत ठेवता येईल. तिची चाके नायलॉनची असावीत. धुवायच्या कपड्यांची टोपली भोकांची आणि जमिनीपासून उचललेली असली पाहिजे, आणि ओला टॉवेल त्यात टाकण्यापूर्वी वाळवला पाहिजे. झाकणाच्या बंद टोपलीत ओले कपडे दोन दिवस राहिले, तर काळ्या बुरशीचे ठिपके कपड्यांवर पडतात आणि ते सहसा जात नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या दुकानातला स्लॉटेड अँगलचा (ओळीने भोके असलेल्या, काटकोनात दुमडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) जुना रॅक आहे. तो रंगवून मशीनजवळ वापरावा, असा विचार आहे. टिकेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अँगल जाड असेल तर टिकेल. पोकळ पाइपचा रॅक असता तर नको म्हटले असते, कारण पाइप आतून गंजतो आणि तो रंगवता येत नाही. अँगलच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, एवढी त्याची सोय. सर्व बोल्ट सोडवून तुकडे वेगळे करा. गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी प्रायमरचा हात द्या आणि मगच वर एनॅमलचे दोन हात लावा. घासून रात्रभर तसेच ठेवले, तर सकाळपर्यंत दमट हवेत पुन्हा बारीक गंज धरतो. भोकांच्या कडांना ब्रशने वेगळा रंग द्यावा लागेल, तेथे रंग पातळ बसतो. बोल्ट मात्र जुने वापरू नका, नवे घ्या.

अँगलच्या न वापरलेल्या भोकांमध्ये धूळ बसतेच. हा रॅक सपाट फळ्यांच्या मांडणीइतका सहज पुसला जाणार नाही. त्यावर साबण-पावडर न ठेवता बादल्या, दोऱ्या, अवजारांची पेटी असे सामान ठेवावे. पायांना रबराचे किंवा प्लास्टिकचे बूट घाला आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर बसवा. पत्र्याच्या जुन्या फळ्या वाकल्या असतील, तर त्या रंगवण्यात वेळ घालवू नका. अँगल ठेवून फळ्या तेवढ्या नव्या करून घ्याव्यात.